पट्टी, कानस आणि एक ब्रॅकेट : घरच्या घरी धातूकामाची सुरुवात

हार्डवेअरच्या दुकानात एल ब्रॅकेट ढिगाने टांगलेले असतात आणि आपल्याला हवा तो नेमका त्यात नसतो. एकाची भोकं भिंतीतल्या जुन्या भोकांशी जुळत नाहीत, दुसऱ्याचा एक पाय नको तितका लांब, तिसरा दुकानातच हाताने दाबून बघितला तर वाकतो. वेल्डिंगवाल्याकडे एवढ्याशा कामाला गेलं की तो ‘परवा या’ म्हणतो, आणि परवाही तेच म्हणतो. हे काम घरी, हाताच्या हत्यारांनी होतं. लेथ लागत नाही, वेल्डिंग लागत नाही, ग्राइंडरही लागत नाही.

इथे एकच वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनवू या: लोखंडी पट्टीचा एल ब्रॅकेट. त्यात आखणं, कापणं, कानस मारणं, भोक पाडणं, भोक लांबट करणं आणि वाकवणं हे सगळं येतं. एवढं जमलं की घरातल्या बहुतेक लहान धातूच्या कामांना हात घालता येतो. आयटीआयच्या फिटर ट्रेडला मुलांना मशीनजवळ नेण्याआधी व्हाइससमोर, म्हणजे काम घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यासमोर, उभं करून कानस घासायला लावतात, ते उगाच नाही.

आपल्या ब्रॅकेटचं माप असं धरू: पट्टी २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड. एक पाय बाहेरून ५० मिमी, दुसरा ७५ मिमी. आखूड पायाला स्क्रूसाठी ५ मिमीची दोन भोकं. लांब पायाला एम-६ बोल्टसाठी (म्हणजे ६ मिमी जाडीच्या) लांबट भोक, म्हणजे बसवताना १० मिमी पुढेमागे सरकवता येईल. हे लांबट भोक हाच विकतच्या ब्रॅकेटमध्ये सहसा न मिळणारा भाग, आणि भिंत वाकडी असेल तर तोच कामाला येतो.

हत्यारं

सगळ्यात आधी व्हाइस. त्याच्यावर पैसे वाचवू नका. जबड्याची रुंदी १०० मिमी असलेला, बोल्टने टेबलाला कायमचा बसणारा व्हाइस घ्या. टेबलाच्या कडेला चिमट्याने अडकवायचे छोटे व्हाइस दिसायला गोड असतात, पण लोखंड वाकवायला गेलात की व्हाइससकट टेबलाची फळी हलते. व्हाइस टेबलाच्या मधोमध नको, पायाच्या बरोबर वर बसवा, म्हणजे हातोडीचा मार जमिनीत जातो. उंची बघायची सोपी रीत: समोर उभं राहून हात कोपरात दुमडला की कोपर जबड्याच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे. याहून खाली असेल तर अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते.

कानशी सुरुवातीला तीन पुरतात: २५० मिमीची चपटी बास्टर्ड, २०० मिमीची चपटी स्मूद आणि बारीक नीडल कानशींचा एक संच. बास्टर्ड माल काढायला, स्मूद शेवटचा हात फिरवायला. कानशीची लांबी मोजताना मुठीत जाणारं टोक धरत नाहीत. आणि मूठ हवीच. बिनमुठीची कानस अडकली तर ते टोकदार शेपूट सरळ तळहातात घुसतं. दुकानदार कानस आणि मूठ वेगवेगळी विकतो, म्हणून अनेकजण मूठ विसरतात. जे. के. च्या कानशी रत्नागिरी आणि चिपळूणच्या कारखान्यांत बनतात आणि गावोगावच्या दुकानांत मिळतात. नवख्याला त्याहून भारी काही लागत नाही.

बाकी यादी छोटी आहे. हॅक्सॉ (लोखंड कापायची करवत) फ्रेम, ३०० मिमीची आणि इंचाला २४ दात्यांची दोन-तीन ब्लेडं, स्टीलची फूटपट्टी, गुण्या (काटकोन तपासायला), स्क्राइबर (धातूवर रेघ ओढायची टोकदार सळई), सेंटर पंच (भोकाच्या जागी खड्डा पाडायला), अर्धा किलोची हातोडी, दोन सी-क्लॅम्प आणि ड्रिल. ड्रिल हाताने फिरवायचं असलं तरी चालतं, पण घरात भिंतीसाठी घेतलेलं इलेक्ट्रिक ड्रिल बहुधा असतंच, तेच वापरा. बिट मात्र वेगळे लागतात. भिंतीचे बिट लोखंडात चालत नाहीत. एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) ३, ५ आणि ६ मिमीचे घ्या. डोळ्यांना चष्मा घ्या, तोही आजच. नाशिकच्या टपारियासारख्या ओळखीच्या नावाचं हत्यार घेतलंत तर निदान हॅक्सॉची फ्रेम ताणल्यावर पिळणार नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी इथे हे सगळं एका फेरीत होतं.

ग्राइंडरबद्दल एक मत सांगून टाकतो. तो पहिलं हत्यार म्हणून घेऊ नका. ठिणग्या, आवाज आणि फुटणारी चकती हा एक भाग. पण मुख्य म्हणजे ग्राइंडर चूक फार झटपट करतो. कानस एका फेरीत केसाएवढा माल काढते, म्हणून रेघेपाशी थांबता येतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजारीही कानशीला हरकत घेत नाहीत. हातोडीला घेतात, तेव्हा वाकवायचं काम दुपारच्या झोपेची वेळ टाळून करा.

लोखंड कुठलं

माइल्ड स्टील, म्हणजे दुकानातली साधी ‘एमएस पट्टी’. नवी पट्टी साधारण सहा मीटरची येते आणि वजनावर विकली जाते. २५ × ३ ची पट्टी मीटरला सुमारे ५९० ग्रॅम भरते, म्हणजे आपल्या ब्रॅकेटला जेमतेम सत्तर-बहात्तर ग्रॅम लोखंड लागतं. एवढ्यासाठी अख्खी पट्टी घ्यायची गरज नाही. ग्रील करणाऱ्याकडे कापून उरलेले फूट-दीड फुटाचे तुकडे पडलेले असतात. गंज वरवरचा असेल तर चालेल, खड्डे पडलेले असतील तर नको.

अॅल्युमिनियमची पट्टी कापायला सोपी, पण खिडक्यांच्या कामातला कडक अॅल्युमिनियम काटकोनात वाकवला की बाहेरच्या अंगाला तडकतो. ओतीव लोखंड तर वाकतच नाही, तुटतं. स्टेनलेस स्टील नवख्याचा घाम काढतं: ड्रिल नुसतं घासत राहिलं की तिथला धातू आणखी कडक होतो आणि बिट जळतो. हे सगळं नंतर. आणि जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पट्टीला कधीही भट्टीत किंवा गॅसवर तापवू नका. जस्ताचा धूर अंगाला बाधतो.

पहिला तुकडा कापणं

एकूण लांबी किती घ्यायची? पन्नास अधिक पंचाहत्तर म्हणजे १२५, असा हिशेब केला तर ब्रॅकेट मोठा होतो, कारण वाकलेल्या कोपऱ्यातली जाडी दोनदा मोजली जाते. सोपा हिशेब असा: दोन्ही पायांची आतली मापं घ्या आणि त्यात अर्धी जाडी मिळवा. आतून ४७ आणि ७२, अधिक दीड, म्हणजे १२०.५ मिमी. हा आकडा घट्ट कोपऱ्यासाठी आहे. कोपरा गोल असेल तर थोडा बदलतो. आपण १२३ मिमी कापू. वरचे अडीच मिमी कानशीसाठी.

हॅक्सॉचं ब्लेड लावताना दाते मुठीपासून पुढे, समोरच्या दिशेला हवेत. ब्लेड पुढे ढकलताना कापतं, मागे येताना नाही. नट हाताने घट्ट झाल्यावर आणखी दोन-तीन फेरे द्या. ब्लेड बोटाने छेडलं की टणक आवाज आला पाहिजे. ढिल्या ब्लेडने सरळ कापणं कोणालाच जमत नाही, आणि ते तुटतंही लवकर.

दात्यांचा नियम म्हणजे कापताना किमान तीन दाते धातूवर टेकलेले हवेत. २४ दाते इंचात असतात, म्हणजे एक दाता एक मिलिमीटरहून किंचित मोठा. पट्टी उभी धरून ३ मिमीच्या कडेवर कापायला गेलात तर जेमतेम तीन दाते टेकतात आणि ते अडकून मोडू शकतात. म्हणून पट्टी रुंद बाजू वर करून धरा. मग ब्लेड २५ मिमीवर आरामात चालतं. रेघेवर तिकोनी कानशीने एक खाच करून घ्या म्हणजे ब्लेड सुरुवातीला घसरत नाही. ब्लेडची पूर्ण लांबी वापरा, मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्यांपेक्षा घाई नको. भराभर घासलं की मधले दाते तापून बोथट होतात आणि टोकाचे नवेच राहतात. रेघ खाऊ नका. रेघेच्या टाकाऊ बाजूने कापा, रेघ दिसत राहिली पाहिजे. तुटायला थोडंसंच उरलं की जोर काढून घ्या आणि सुटणारा तुकडा हाताने धरा.

अर्ध्यात ब्लेड तुटलं तर नवं ब्लेड त्याच चिरेत घालू नका. जुन्याचे दाते झिजून चीर अरुंद झालेली असते, नवं त्यात आवळतं आणि तुटतं. पट्टी उलटवून दुसऱ्या बाजूने कापत या.

कानस

आता एक टोक गुण्यात, म्हणजे काटकोनात आणायचं. हेच आपलं पक्कं टोक; पुढची सगळी मापं इथूनच. पट्टी व्हाइसमध्ये उभी धरा, टोक जबड्याच्या वर पाच-सहा मिमीच काढा. जास्त काढलंत तर पट्टी थरथरते आणि कानस किंचाळते. तो आवाज आला की काम खाली घ्या, जोर वाढवू नका.

डावा पाय पुढे, उजवा मागे. उजव्या हातात मूठ, डाव्या तळव्याखाली कानशीचं टोक. (डावखुऱ्यांनी उलट.) कानस पुढे जाताना कापते. मागे आणताना दाब काढा, नाहीतर दाते विनाकारण झिजतात. खरी मेख दाबाच्या वाटणीत आहे. सुरुवातीला डाव्या हातावर जोर जास्त, मध्यावर दोन्हीकडे सारखा, शेवटी उजव्यावर जास्त. हे झालं नाही की कानस नावेसारखी डुलते आणि कड सपाट होण्याऐवजी मध्ये फुगीर, दोन्ही बाजूंना उतरती होते. नवख्याची प्रत्येक कड अशीच होते. ती ओळखायची रीत म्हणजे फूटपट्टीची कड तिच्यावर उभी ठेवून उजेडासमोर धरणं. दोन्ही टोकांशी उजेडाची फट दिसली तर फुगीर आहे. मग फक्त मधला भाग घासा, छोट्या फेऱ्यांनी.

आणखी एक उपाय: कानस तिरकी चालवा, थोड्या फेऱ्या डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. दोन दिशांचे ओरखडे एकमेकांना छेदतात आणि कुठला भाग उंच आहे ते डोळ्याला दिसतं. जिथे नवे ओरखडे उमटले तोच उंच. मार्करने कड काळी करून घेतली तर हे आणखी स्पष्ट होतं. काळं पुसलं गेलं तिथे कानस लागली, राहिलं तिथे लागली नाही.

कड सपाट झाली की गुण्या लावा. आधी पट्टीच्या लांब कडेशी, मग रुंद बाजूशी. दोन्हीकडून काटकोन हवा. इथे वेळ गेला तर जाऊ द्या. हे टोक वाकडं राहिलं तर पुढे भोकं वाकडी, वाक तिरका आणि ब्रॅकेट भिंतीवर लंगडा.

कानशीच्या दात्यांत लोखंडाचा कीस अडकून बसतो आणि कामावर खोल चरे पाडतो. सुरुवातीलाच कानशीवर खडू घासून घ्या, कीस कमी चिकटतो. मधूनमधून तारेच्या ब्रशने, दात्यांच्या दिशेने, साफ करा. कीस तोंडाने फुंकू नका, डोळ्यांत जातो. हाताने झटकू नका, बोटांत घुसतो. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टेबलावरून फिरवा, मग पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढा, सगळा कीस पिशवीत राहतो. घरात लहान मूल रांगत असेल तर हे रोजचं काम समजा.

आणि हाताला लागलेलं तेल कानशीला किंवा कामाला लागू देऊ नका. तेलकट लोखंडावर कानस घसरते.

आखणी

पक्क्या टोकापासून मापं घ्या: १२ आणि ३५ वर दोन गोल भोकं, ४७ वर वाकवायची रेघ, ९०, ९५ आणि १०० वर लांबट भोकाचे तीन बिंदू. सगळे आकडे त्याच एका टोकापासून. १२ घेतले, मग तिथून पुढे २३, मग तिथून १२ असं साखळीने मोजत गेलात तर प्रत्येक वेळची अर्ध्या मिलिमीटरची चूक बेरजेत पडत जाते.

भोकांच्या मध्यासाठी पट्टीच्या कडेपासून १२.५ मिमीवर लांबीभर एक रेघ ओढा. पट्टीवर आधी मार्कर फासा आणि वरून स्क्राइबरने रेघ ओढा, काळ्यावर चकचकीत रेघ उठून दिसते. जुने फिटर यासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) पाण्यात विरघळवून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावत. तांब्याचा लालसर थर चढतो आणि त्यावर रेघ छान दिसते. बागेत फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं मोरचूद घरी असेल तर करून बघा, पण ते विषारी आहे, हात धुवा. अॅल्युमिनियमवर मात्र लावू नका.

स्क्राइबर एकदाच ओढा. दोनदा ओढलं की दोन रेघा होतात आणि मग कुठली खरी हा वाद स्वतःशीच.

४७ ची रेघ मात्र स्क्राइबरने ओढायची नाही. ती बारीक मार्करने, पट्टीच्या चारही अंगांना फिरवून काढा. स्क्राइबरचा चर वाकताना बाहेरच्या अंगाला आला तर धातू तिथूनच फाटायला सुरुवात होते.

आता सेंटर पंच. पंच आधी तिरका धरून टोक रेघांच्या फुलीत बसवा. टोक चरात अडकल्याचं बोटाला जाणवतं. मग पंच उभा करा आणि हलका एकच ठोका द्या. वाकून बघा. बरोबर बसलं असेल तर दुसरा जोरात. चुकलं असेल तर पंच तिरका धरून खड्डा योग्य बाजूला ढकलता येतो, पण पहिला ठोका हलका असेल तरच.

भोकं

पट्टी लाकडाच्या तुकड्यावर ठेवून दोन सी-क्लॅम्पने टेबलाला आवळा. एका हाताने पट्टी धरून दुसऱ्या हाताने ड्रिल, हे कधीच नाही. बिट पलीकडून बाहेर पडताना अडकतो आणि पट्टी पंख्याच्या पात्यासारखी फिरते. २५ मिमीची पट्टी बोटं कापू शकते. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजेही नकोत. बिट मोज्याचा धागा पकडतो आणि त्याच्यामागे हात ओढला जातो. लांब केस आणि ओढणी बांधून घ्या. ड्रिलवर हॅमरचं बटण असेल तर ते बंद करा.

सगळ्या पाच जागी आधी ३ मिमीचं भोक. मोठ्या बिटच्या अगदी मध्यावर जी आडवी कड असते ती कापत नाही, नुसती दाबते. तिला वाट करून दिली की मोठा बिट कमी जोरात आणि जागेवर चालतो. वेगाचा अंदाज: लोखंडात ३ मिमीला मिनिटाला अडीच हजार फेरे, ५ मिमीला पंधराशे-सोळाशे, ६ मिमीला तेराशेच्या आसपास. घरचं ड्रिल पूर्ण दाबलं तर मोठ्या बिटला वेग जास्त होतो, म्हणून ट्रिगर अर्धाच दाबा. जोर मात्र द्या. कुरळी, लांब साल निघत असेल तर वेग आणि जोर जुळले आहेत. नुसती पूड पडत असेल तर बिट घासतोय: जोर वाढवा, नाहीतर बिट बोथट झाला आहे. बिटवर दोन थेंब तेल टाका, गाडीचं इंजिन ऑइलही चालेल. बिट बाहेर पडायची वेळ आली की आवाज बदलतो. तिथे जोर निम्मा करा.

मग १२ आणि ३५ ची भोकं ५ मिमीची करा. ९० आणि १०० ची ६ मिमीची. ९५ चं मधलं भोक ३ मिमीचंच राहू द्या. ते मोठं केलंत तर शेजारच्या भोकात मिसळतं आणि बिट तिकडे ओढला जातो. आत्ता दोन मोठ्या भोकांत आणि मधल्या छोट्यात अर्ध्या मिलिमीटरच्या दोन भिंती उरल्या आहेत. त्या नीडल संचातल्या तिकोनी कानशीने फोडा. मग चपटी नीडल कानस आत घालून दोन्ही लांब कडा सरळ करत या, रुंदी ६.५ मिमी होईपर्यंत. मोजायला व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) नसला तरी अडत नाही. एम-६ चा बोल्ट हाताशी ठेवा. तो टोकापासून टोकापर्यंत न अडकता सरकला आणि आडवा डगमगला नाही की थांबा. एका बाजूला चार फेऱ्या, मग दुसऱ्या बाजूला चार. एकाच बाजूला घासत राहिलात तर लांबट भोक रेघेवरून उतरतं.

प्रत्येक भोकाच्या दोन्ही तोंडांना धारदार बर, म्हणजे उचललेल्या धातूची कड, उभी राहते. मोठा बिट हातात धरून भोकावर दोन-तीन वेळा फिरवा, बर निघते.

वाकवणं

भोकं आधी आणि वाक नंतर, कारण सपाट पट्टी क्लॅम्पला धरायला सोपी. फक्त भोक वाकाच्या फार जवळ नको, नाहीतर वाकताना ते ताणून अंडाकृती होतं. आपलं ३५ चं भोक वाकाच्या रेघेपासून साडेनऊ मिमी लांब आहे, तेवढं पुरेसं.

व्हाइसच्या जबड्यांना खडबडीत दाते असतात, ते कामावर उमटतात. एरवी अॅल्युमिनियमचे वाकवलेले तुकडे जबड्यांवर ठेवतात, पण वाकवताना ते दबतात आणि कोपरा गुळगुळीत, पसरट होतो. इथे लोखंडी अँगलचे दोन तुकडे जबड्यांवर टांगा. आखूड पाय खाली, म्हणजे पक्कं टोक खाली आणि ४७ ची रेघ अँगलच्या वरच्या कडेशी काटोकाट. गुण्या लावून पट्टी उभी सरळ आहे का ते बघा. एक अंश तिरकी धरली तर वाक एक अंश तिरकाच येतो, आणि तो नंतर काढता येत नाही. व्हाइस पूर्ण जोराने आवळा.

वाकवायचं आपल्यापासून दूर, व्हाइसच्या न हलणाऱ्या जबड्याकडे. बहुतेक व्हाइसमध्ये पुढचा, आपल्याकडचा जबडा सरकतो. त्याच्यावर मार बसला तर स्क्रूवर ताण येतो.

डाव्या हाताने पट्टीचं वरचं टोक मागे रेटून धरा आणि हातोडी खाली, अँगलच्या कडेला लागून मारा. वरच्या टोकावर मारलंत तर पट्टी वाकते खरी, पण कोपऱ्यात नाही. पायालाच धनुष्यासारखा बाक येतो. पट्टी आणि हातोडीमध्ये लाकडाचा ठोकळा धरला तर हातोडीचे वण उठत नाहीत. चार-पाच मार, मग गुण्या. पुन्हा दोन मार, पुन्हा गुण्या. काटकोन आल्यावर हात काढला की पट्टी एखाददोन अंश परत उघडते. हा लोखंडाचा स्वभावच आहे, म्हणून काटकोनाच्या किंचित पुढे न्या.

थंड एमएस पट्टीला तापवायची गरज नाही. बाहेरच्या अंगाला वाकाच्या रेघेवर बारीक केसासारख्या चिरा दिसल्या तर तो तुकडा टाकून द्या, वजन पेलणाऱ्या जागी वापरू नका. एकदा वाकवून सरळ करून पुन्हा वाकवणं हाही त्याच रस्त्याचा प्रवास.

अॅल्युमिनियम वाकवायचंच असेल तर एक जुनी युक्ती आहे. वाकाच्या जागेवर साबणाची वडी घासा आणि गॅसच्या ज्योतीवर हळूहळू फिरवा. साबण काळपट तपकिरी झाला की थांबा; तेवढ्यात अॅल्युमिनियम मऊ होतं. आणखी तापवलं तर ते रंग न बदलता एकदम वितळून खाली पडतं. थंड होऊ द्या, मग वाकवा.

शेवटचा हात

आता लांब पाय बाहेरच्या कोपऱ्यापासून मोजा. ७६-७७ मिमी भरेल. ७५ वर रेघ मारा, बास्टर्डने रेघेजवळ या आणि स्मूदने रेघ अर्धी खा. पायांचे चारही कोपरे थोडे गोल करा. सगळ्या कडांवर स्मूद कानस ४५ अंशात एक-दोनदा फिरवा. बोट फिरवल्यावर कुठेही बोचता कामा नये.

चपट्या बाजूंवरचे ओरखडे घालवायचे तर कानस दोन्ही हातांनी आडवी धरून पट्टीच्या लांबीने ओढा. माल फार निघत नाही, पण एकसारखी रेशमी चमक येते. मग ८० नंबरचा आणि त्यानंतर १२० चा पॉलिश पेपर. रंगाखाली जाणाऱ्या कामाला याहून बारीक कशाला?

थिनरने तेलाचा अंश पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या रंगाचा हात मारा. उद्यावर ठेवलंत आणि हवा पावसाळी असली, त्यातून तुम्ही कोकणात किंवा गोव्यात असाल, तर सकाळी पट्टीवर पिवळट गंजाची झाक आलेली असते. कोपऱ्याच्या आतल्या खोबणीत आणि भोकांच्या कडांना ब्रशचं टोक नीट घाला, गंज तिथूनच धरतो. वर इनॅमलचे दोन हात.

हत्यारांनाही हीच काळजी. कानशी एकमेकींवर टाकून ठेवल्या तर दात्यांनी दाते बोथट होतात. कापडाचे कप्पे शिवून त्यात वेगवेगळ्या ठेवा. कानशीने काही उचकटू नका, हातोडी तर तिच्यावर मारूच नका. ती फार कडक असते, वाकत नाही, काचेसारखे तुकडे उडतात.

दुसऱ्या ब्रॅकेटला एक पायरी पुढे जायचं असेल तर लांबट भोकाऐवजी पट्टीतच एम-६ चे आटे पाडून बघा. भोक ५ मिमीचं, आणि एम-६ चा तीन टॅपचा (आटे पाडायच्या हत्यारांचा) संच. पहिला निमुळता टॅप गुण्याने उभा तपासून घाला, तेल टाका, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. मागे फिरवताना कीस तुटल्याची किंचित कट् जाणीव हाताला होते. ती झाली की पुढचा अर्धा फेरा. टॅप जड लागला तर जोर करू नका, बाहेर काढून साफ करा, कारण भोकात तुटलेला टॅप ड्रिलने निघत नाही. ३ मिमीच्या पट्टीत एम-६ चे तीनच आटे बसतात, तेव्हा हलक्या वस्तूसाठी ठीक. जास्त वजन टांगायचं असेल तर मागे नट लावा.